नवोद्योगांची प्रसिद्धी आणि पत

गेल्या दहा वर्षांत 'स्टार्टअप' हा शब्द महानगरांतील कचेऱ्यांतून निघून तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. केंद्र शासनाने १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' या उपक्रमाचा प्रारंभ केला. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये राज्याचे स्वतंत्र नाविन्यपूर्ण स्टार्टअप धोरण जाहीर केले. जानेवारी २०२५ पर्यंत देशातील दीड लाखांहून अधिक नवोद्योगांना केंद्र शासनाची मान्यता मिळालेली होती आणि त्यांच्या संख्येत महाराष्ट्र राज्य सर्वांत पुढे होते. नवी कल्पना, नवे तंत्र आणि झपाट्याने वाढण्याची आकांक्षा या तीन गोष्टींवर उभा राहणारा हा उद्योगाचा प्रकार आता आपल्या सार्वजनिक जीवनाचा भाग झाला आहे.

शाळेसाठी अध्यापनाचे ॲप, ग्रामपंचायतीसाठी पाणी तपासणारे यंत्र, शेतकऱ्यासाठी पीक-सल्ल्याची सेवा, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी निदानाचे उपकरण, असे प्रस्ताव घेऊन हे नवोद्योजक शासकीय कार्यालयांतून, शाळांतून व पंचायतींतून येत असतात. त्यांच्या हाती बहुधा एक आकर्षक चित्रफीत असते. वृत्तपत्रांची कात्रणे, पुरस्कार स्वीकारतानाची छायाचित्रे आणि मान्यवरांचे अभिप्राय असतात. ही सामग्री पाहणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, मुख्याध्यापकापुढे किंवा सरपंचापुढे एक साधा प्रश्न उभा राहतो. यातील किती भाग यंत्राविषयी आहे आणि किती ते यंत्र घेऊन आलेल्या माणसाविषयी? प्रसिद्धी आणि पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील भेद ओळखणे हे आता सार्वजनिक पैशाचा विनियोग करणाऱ्या प्रत्येकाचे काम झाले आहे. त्या दृष्टीने या विषयाची ओळख करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नव्या उद्योगाला नाव का लागते?

आपल्याकडे आत्मस्तुतीला कधीच मान मिळाला नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना स्वतःची स्तुती करणाऱ्याचा आणि वडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्याचाही समावेश केला आहे. नीतीच्या दृष्टीने हे योग्यच होय. तथापि, नवोद्योजकाची अडचणही समजून घेतली पाहिजे. जुन्या कारखान्याच्या पाठीशी त्याचा इतिहास असतो. त्याने विकलेला माल, फेडलेली कर्जे आणि समाधानी ग्राहक त्याच्या वतीने बोलतात. दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या उद्योगाकडे यांपैकी काहीच नसते. गुंतवणूकदाराने पैसा द्यावा, चांगल्या तंत्रज्ञाने स्थिर नोकरी सोडून यावे आणि पहिल्या ग्राहकाने धोका पत्करावा, यासाठी त्याच्याजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरे भांडवल नसते. म्हणून तो बोलतो, व्याख्याने देतो, समाजमाध्यमांवर लिहितो आणि संमेलनांतून मिरवतो. 'आपला ढोल आपणच वाजवावा लागतो' असे त्याला वाटले तर त्यात नवल नाही.

यात भर पडते ती साहस भांडवलाच्या रीतीची. साहस भांडवल म्हणजे नव्या व जोखमीच्या उद्योगात हिस्सा घेऊन गुंतवलेला पैसा. असा गुंतवणूकदार अनेक उद्योगांत पैसा घालतो. त्यांतील बरेच बुडणार हे त्याने गृहीत धरलेले असते. एखाददुसरा उद्योग अफाट वाढून सर्वांचे नुकसान भरून काढील, अशी त्याची अपेक्षा असते. या हिशेबात मर्यादित यशाला फारशी किंमत राहत नाही. 'माझे यंत्र दहा तालुक्यांत उपयोगी पडेल' असे सांगणाऱ्यापेक्षा 'माझे यंत्र जग बदलील' असे सांगणाऱ्याकडे त्याचे लक्ष आधी जाते. मोठे बोलण्याची सवय केवळ स्वभावातून येत नाही. पैशाच्या व्यवस्थेतूनही ती घडवली जाते.

याच संदर्भात 'मूल्यांकन' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. एखाद्या गुंतवणूकदाराने १० कोटी रुपये देऊन उद्योगाचा दहावा हिस्सा घेतला, तर त्या उद्योगाचे मूल्यांकन १०० कोटी रुपये झाले असे म्हणतात. वृत्तपत्रांत '१०० कोटींची कंपनी' असा मथळा येतो. प्रत्यक्षात कंपनीच्या हाती आलेली रक्कम १० कोटीच असते आणि उरलेला आकडा एका खरेदीदाराच्या आशेवर केलेला हिशेब असतो. त्यावरून विक्री, नफा किंवा मालाचा दर्जा यांपैकी कशाचाही निष्कर्ष काढता येत नाही.

एडिसनची घोषणा

हा प्रकार आजचा नाही. थॉमस अल्वा एडिसन यांचे नाव शालेय पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. ते जसे थोर संशोधक होते तसेच प्रसिद्धीच्या तंत्रातही निष्णात होते. फोनोग्राफच्या शोधानंतर वृत्तपत्रांनी त्यांना 'मेन्लो पार्कचा जादूगार' म्हणण्यास सुरुवात केली होती. सप्टेंबर १८७८ मध्ये त्यांनी वार्ताहरांना सांगितले की, विजेच्या दिव्याचा प्रश्न आपण सोडविला आहे. या बातमीने गॅसचे दिवे पुरविणाऱ्या कंपन्यांचे समभाग कोसळले आणि थोड्याच आठवड्यांत एडिसन यांच्या नावाची वीज-दिव्यांची कंपनी धनिकांच्या पैशावर उभी राहिली. वस्तुतः त्या वेळी टिकाऊ दिवा त्यांच्याजवळ नव्हता. समाधानकारक दिवा तयार होण्यास १८७९ चा ऑक्टोबर महिना उजाडला. ३१ डिसेंबर १८७९ रोजी मेन्लो पार्क येथे लोकांना तो जाहीरपणे दाखविण्यात आला आणि ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट येथील केंद्रातून वीजपुरवठा सुरू झाला.

एडिसन यांनी शब्द आधी दिला आणि काम नंतर केले. काम झाले म्हणून इतिहासाने त्या शब्दाकडे काणाडोळा केला. आजचे अनेक नवोद्योजक 'जमेपर्यंत जमल्याचे भासवा' असा जो मंत्र जपतात, त्याच्या समर्थनार्थ अशीच उदाहरणे दिली जातात. मात्र या युक्तिवादात एक उणीव आहे. ज्यांचे पुढे जमले, त्यांचीच नावे आपल्या स्मरणात राहतात. ज्यांनी असाच शब्द दिला आणि तो पाळता आला नाही, त्यांची व त्यांच्यावर विसंबून राहिलेल्यांची गणती कोणी ठेवत नाही. शिवाय दिवा लागला नाही तर तो लागला नाही हे सर्वांना दिसते. ज्या वस्तूचा दोष डोळ्यांना दिसत नाही, तिच्या बाबतीत काय घडते, हे एका अलीकडच्या प्रकरणाने जगाला दाखवून दिले. योगायोग असा की, त्या प्रकरणातील यंत्राला एडिसन यांचेच नाव देण्यात आले होते.

थेरॅनॉसचे प्रकरण

एलिझाबेथ होम्स या तरुणीने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शिक्षण सोडून एक कंपनी स्थापन केली. ती पुढे 'थेरॅनॉस' या नावाने प्रसिद्ध झाली. बोटाला सुई टोचून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून अनेक चाचण्या करणारे छोटे यंत्र आपण तयार केले आहे, असा कंपनीचा दावा होता. कल्पना लोकहिताची होती. शिरेतून रक्त काढण्याची भीती नाही, खर्च कमी आणि निदान लवकर, असे चित्र कोणालाही हवेसे वाटेल. २०१३ पासून वॉलग्रीन्स या औषध-दुकानांच्या साखळीतून, मुख्यतः ॲरिझोना राज्यात, ही सेवा सर्वसामान्य लोकांना मिळू लागली. गुंतवणूकदारांनी कंपनीत ७० कोटी डॉलरहून अधिक पैसा घातला आणि २०१४ मध्ये तिचे मूल्यांकन सुमारे ९०० कोटी डॉलर झाले. होम्स यांचे छायाचित्र नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर झळकले. स्टीव्ह जॉब्ज यांच्यासारखा काळा, उंच गळ्याचा पोशाख हीच त्यांची ओळख बनली.

या कीर्तीच्या मागे काय होते? कंपनीचे स्वतःचे यंत्र मोजक्याच चाचण्या करू शकत होते आणि बहुसंख्य चाचण्या दुसऱ्या उत्पादकांच्या नेहमीच्या यंत्रांवर केल्या जात होत्या. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या तक्रारीनुसार, २०१४ मध्ये १० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न होईल असे गुंतवणूकदारांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्ष उत्पन्न होते सुमारे १ लाख डॉलर. हे यंत्र अमेरिकी सैन्य अफगाणिस्तानच्या युद्धभूमीवर वापरत असल्याचे सांगितले गेले होते, तेही खरे नव्हते.

संशयाचा पहिला जाहीर सूर वैद्यकीय क्षेत्रातून निघाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन आयोअनिडिस यांनी अमेरिकन वैद्यकीय संघाच्या नियतकालिकात लिहिले की, एवढा गाजावाजा झालेल्या या तंत्राविषयी तज्ज्ञांनी तपासलेले शास्त्रीय लेखन आढळतच नाही. कंपनीतील दोन तरुण कर्मचारी, टायलर शुल्ट्झ आणि एरिका चंग, यांनी चाचण्यांतील दोष पाहून नियामक यंत्रणांना कळविले. टायलर हे कंपनीच्या संचालक मंडळावरील माजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांचे नातू. आजोबांनी प्रथम नातवापेक्षा कंपनीवर अधिक विश्वास ठेवला, एवढा तिच्या नावाचा प्रभाव होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये जॉन कॅरीरू या पत्रकाराने 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्रात हे सर्व उघड केले. त्या वृत्तपत्राच्या समूहाचे प्रमुख रूपर्ट मर्डोक यांनी स्वतः थेरॅनॉसमध्ये १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गुंतविली होती. तरीही वृत्त प्रसिद्ध झाले, ही गोष्ट वृत्तपत्राच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी आहे.

पुढील घटना वेगाने घडल्या. एडिसन यंत्रावर २०१४ व २०१५ या दोन वर्षांत केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष कंपनीला २०१६ मध्ये रद्द ठरवावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये 'फोर्ब्ज' नियतकालिकाने होम्स यांच्या संपत्तीचा ४५० कोटी डॉलरचा आपला अंदाज शून्यावर आणला. एप्रिल २०१७ मध्ये ॲरिझोनातील १ लाख ७५ हजारांहून अधिक नागरिकांना एकूण ४६ लाख ५० हजार डॉलर परत करण्याचे कंपनीने मान्य केले. सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. ३ जानेवारी २०२२ रोजी न्यायसभेने गुंतवणूकदारांच्या फसवणुकीसंबंधीच्या चार आरोपांवर होम्स यांना दोषी ठरविले. रुग्णांच्या फसवणुकीसंबंधीच्या आरोपांतून त्यांची मुक्तता झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना ११ वर्षे ३ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली आणि ३० मे २०२३ रोजी त्या तुरुंगात दाखल झाल्या.

चाचणीचे पैसे परत करता येतात. परंतु चुकीच्या अहवालामुळे जो रुग्ण निष्कारण भयभीत झाला किंवा आजार असून निर्धास्त राहिला, त्याची भरपाई कोणत्या रकमेने करावयाची? नवोद्योजकाच्या अतिशयोक्तीची किंमत बहुधा तिसराच माणूस मोजतो, हा या प्रकरणाचा सर्वांत गंभीर भाग होय.

उसनी प्रतिष्ठा

थेरॅनॉसवर इतक्या जाणत्या लोकांनी विश्वास का ठेवला, याचे उत्तर तिच्या संचालक मंडळात सापडते. हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ हे माजी परराष्ट्रमंत्री, विल्यम पेरी हे माजी संरक्षणमंत्री आणि जेम्स मॅटिस हे सेनानी त्या मंडळावर होते. माणसे निःसंशय थोर होती. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांचे क्षेत्र राज्यकारभार व सैन्य हे होते. रक्तपरीक्षेच्या शास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. एका क्षेत्रात कष्टाने मिळविलेली प्रतिष्ठा दुसऱ्या क्षेत्रातील दाव्यासाठी उसनी घेतली गेली. वडिलांची कीर्ती सांगणाऱ्याला समर्थांनी आत्मस्तुती करणाऱ्याच्याच पंक्तीला का बसविले, हे येथे चांगले लक्षात येते.

उसन्या प्रतिष्ठेचे चक्र ठराविक पद्धतीने फिरते. एक मान्यवर पाठीशी आहे म्हणून दुसरा येतो. दोघे आहेत म्हणून वृत्तपत्र मुलाखत छापते. मुलाखत छापून आली म्हणून पुरस्कार मिळतो आणि पुरस्कार मिळाला म्हणून पहिल्या मान्यवराचा विश्वास दृढ होतो. प्रत्येकाला वाटते की, आधीच्याने तपासणी केली असेल. प्रत्यक्षात तपासणी कोणीच केलेली नसते.

पुरस्कारांविषयी आपल्या देशातील एक उदाहरण बोलके आहे. हैदराबादची 'सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस' ही त्या काळातील अग्रगण्य संगणक कंपनी. सुस्थितीतील कंपनी-प्रशासनाबद्दल २००८ मध्ये तिला 'गोल्डन पीकॉक' हा जागतिक पुरस्कार देण्यात आला. त्यानंतर काही महिन्यांतच, ७ जानेवारी २००९ रोजी, तिच्या संस्थापक-अध्यक्षांनी पत्राद्वारे कबुली दिली की, कंपनीच्या ताळेबंदात दाखविलेल्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. पुरस्कार मागे घेण्यात आला. शासनाने तातडीने नवे संचालक मंडळ नेमले आणि कंपनी महिंद्र समूहातील, पुण्याशी संबंध असलेल्या 'टेक महिंद्र'कडे गेली. तेथील हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या मुख्यत्वे या त्वरित उपायांमुळे वाचल्या. 'नाव मोठे लक्षण खोटे' ही आपली म्हण ताळेबंदालाही लागू पडते.

'करू' आणि 'करतो'

मग नवोद्योजकाने मोठे स्वप्न सांगूच नये काय? तसे म्हटले तर कोणताही नवा उद्योग उभा राहणार नाही. येथे व्याकरणातील एक साधा भेद उपयोगी पडतो. 'आम्ही पाच वर्षांत असे यंत्र तयार करू' हे भविष्यकाळातील विधान आहे. ऐकणाऱ्याला त्यातील जोखीम कळते आणि पैसा घालावयाचा की नाही हे तो ठरवू शकतो. 'आमचे यंत्र आज अशी चाचणी करते' हे वर्तमानकाळातील विधान आहे. ते खरे असते किंवा खोटे असते. त्यात आशेला जागा नसते. थेरॅनॉसने लहान यंत्राचे स्वप्न पाहिले, हा तिचा अपराध नव्हता. जे व्हावयाचे होते ते झाले आहे असे सांगितले, हा अपराध होता.

आपल्या कायद्यालाही हा भेद मान्य आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ नुसार, जी गोष्ट खरी आहे असे स्वतःला वाटत नाही ती वस्तुस्थिती म्हणून सांगणे, तसेच पाळण्याचा हेतू नसताना वचन देणे, हे दुसऱ्याला फसविण्याच्या हेतूने केले असता कपट ठरते. म्हणजे प्रामाणिकपणे दिलेले वचन अपुरे राहिले तर ते अपयश होय. हेतूच नसेल तर मात्र वचनही कपटात मोडते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसाच अपराध घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. जाहिरातीत शिफारस करणाऱ्या व्यक्तीलाही ही तरतूद लागू आहे. त्या व्यक्तीने दाव्याची खातरजमा करण्यासाठी योग्य ती दक्षता घेतली असेल तरच तिला सूट मिळते. आपले नाव किंवा छायाचित्र दुसऱ्याच्या प्रसिद्धीसाठी देणाऱ्या प्रत्येकाने ही बाब ध्यानात ठेवावी.

किर्लोस्करांचा नांगर

प्रसिद्धी आणि पत यांची सांगड प्रामाणिकपणे घालता येते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्याच्या औद्योगिक इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत प्रचलित होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगर शेतोशेती दिसू लागला. जमिनीत नांगर चालला की, तो कसा आहे हे शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत होते. नांगराची खरी परीक्षा शेतातच होत असे.

किर्लोस्करांनी प्रसिद्धीला कमी लेखले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. कारखान्याची व मालाची माहिती देण्यासाठी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघाले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' हे मराठीतील नामवंत मासिक झाले. एका कारखान्याचे प्रसिद्धिपत्रक महाराष्ट्राच्या विचारविश्वाचा भाग बनावे, हे आत्मप्रसिद्धीचे विरळा उदाहरण होय. परंतु खबर छापली जाण्यापूर्वी नांगर शेतात चाललेला होता, हा क्रम महत्त्वाचा आहे.

आपण काय पाहावे?

शासनाच्या धोरणातही हाच क्रम राखण्याचा प्रयत्न दिसतो. सामान्य वित्तीय नियम, २०१७ अन्वये केंद्र शासनाच्या खरेदीत नवोद्योगांसाठी पूर्वानुभव व पूर्वीची उलाढाल या अटी शिथिल करता येतात. गुणवत्तेच्या व तांत्रिक निकषांची पूर्तता मात्र त्यांना करावीच लागते. जुने नाव नसले तरी चालेल, पण माल कसास उतरला पाहिजे, असा याचा सरळ अर्थ आहे. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीमार्फत २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार्टअप सप्ताह' या उपक्रमात निवडलेल्या २४ नवोद्योगांना शासकीय विभागांत प्रायोगिक काम करून दाखविण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत ठेवण्यात आली. लहान प्रमाणावर प्रत्यक्ष काम आणि त्यावरून पुढचा निर्णय, हे तत्त्व ग्रामपंचायतीलाही अंगीकारता येण्याजोगे आहे.

प्रस्ताव तपासताना काही गोष्टी आवर्जून पाहाव्यात. केंद्र शासनाची स्टार्टअप म्हणून मान्यता ही उद्योगाच्या स्वरूपाची मान्यता आहे. त्याच्या यंत्राच्या गुणवत्तेचे ते प्रमाणपत्र नव्हे. पेटंटसाठी अर्ज केला असणे आणि पेटंट मंजूर झाले असणे यांत मोठे अंतर आहे, आणि प्रसिद्ध झालेल्या अर्जाची स्थिती पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. नोंदणीकृत कंपनीने सादर केलेले वार्षिक हिशेब कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्क भरून पाहता येतात. पाणी, रक्त, माती यांच्या तपासणीचा दावा असेल तर राष्ट्रीय मान्यता मंडळाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेकडून तोच नमुना तपासून घ्यावा आणि दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून पाहावेत. शाळेसाठी ॲप असेल तर एका वर्गात एक सत्र वापरून शिक्षकांचे मत लेखी घ्यावे. यापूर्वी ज्या गावांनी किंवा संस्थांनी ते घेतले, त्यांची यादी उद्योजकाकडून मागावी. परंतु चौकशी मात्र त्याने सुचविलेल्या एकाच ठिकाणी न करता यादीतील दुसऱ्या ठिकाणीही करावी. तंत्राचे रहस्य फुटेल म्हणून कोणी स्वतंत्र चाचणीस नकार दिला तर सावध व्हावे. यंत्र आतून कसे चालते हे न सांगताही ते नीट चालते की नाही, हे दाखविता येते.

या दक्षतेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्रसिद्धीलाच पात्रता मानले की, जो बोलण्यात कुशल, इंग्रजीत सफाईदार आणि महानगरातील वर्तुळात वावरणारा आहे, त्याला आपोआप झुकते माप मिळते. एखाद्या तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेली ग्रामीण भागातील तरुणी चांगले यंत्र बनविते, पण ते व्यासपीठावरून सांगताना अडखळते. तिच्याजवळ कात्रणे नसतात. तिच्या यंत्राची चाचणी कोणी घेतलीच नाही तर नुकसान केवळ तिचे होत नाही. त्या यंत्राची ज्या गावाला गरज होती त्याचेही होते. निवड समितीने भाषणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वेळ प्रात्यक्षिकाला दिला आणि मराठीतून मांडणी करण्याची मुभा ठेवली, तर अशा अनेकांना न्याय मिळेल. कठोर परीक्षा ही प्रामाणिक उद्योजकाची मित्रच असते; कारण वाक्चातुर्यात मागे पडणाऱ्याला पुढे येण्यासाठी तेवढा एकच मार्ग खुला असतो.

पतपेढीत कर्ज मागणाऱ्या सभासदाची पत पाहिली जाते, तेव्हा त्याच्या पोशाखावरून किंवा ओळखीपाळखीवरून ती ठरत नाही. त्याने पूर्वी काय घेतले आणि वेळेवर काय फेडले, यावरून ती ठरते. नवोद्योजकाचा शब्द हेही एक प्रकारचे कर्ज आहे. ते देताना उदारता असावी, कारण नव्या माणसाला संधी दिल्याविना समाज पुढे जात नाही; आणि ते वसूल करताना काटेकोरपणा असावा, कारण ते बहुधा लोकांच्या पैशाचे व कधी लोकांच्या आरोग्याचे कर्ज असते. राज्यातील तरुणांच्या कल्पकतेला असे उदार पण जागरूक परीक्षक कार्यालयांतून, शाळांतून आणि ग्रामसभांतून लाभले, तर खऱ्या गुणांना प्रसिद्धीसाठी दारोदार फिरावे लागणार नाही.